आतून वाचायचा ब्लाउज

जांभळ्या खणाचा हा कटोरी ब्लाउज कोणाच्या अंगासाठी शिवलेला नाही. आमच्या शिवणवर्गाच्या बाईंनी तो नमुना म्हणून शिवला, आणि वर्गात येणाऱ्या प्रत्येकीच्या हातातून तो गेला आहे. सुलट बाजूने पाहिला तर नीटनेटका, चांगल्या बसणीचा ब्लाउज, एवढंच कोणीही म्हणेल. बाई तो हातात देण्याआधी उलटा करतात. त्या बाजूने वाचायला घेतला की ब्लाउज लवकर हातातून सुटत नाही. कवितेवर चार पानं लिहिणारी माणसंही शिवलेल्या कपड्याबद्दल 'छान बसलाय' यापलीकडे बोलत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. कारण या एका ब्लाउजात जितके निर्णय आहेत, तितके निर्णय फार थोड्या वस्तूंमध्ये इतक्या कमी जागेत सापडतात. कुठे कापड सैल सोडायचं, कुठे आवरायचं, कुठे टीप संपवायची, कुठे मुद्दाम संपवायची नाही, हे सगळं आतल्या बाजूला लिहिलेलं आहे.

सुरुवात टिपेपासून करावी लागते. या ब्लाउजावरची टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. इंचाला बारा टाके असतील, पण मोजण्याची गरज पडत नाही. नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कुठेही न अडखळता जाते. असा टाका मशीन आपोआप देत नाही. सुई खाली जाते, तळ गाठून दोनेक मिलीमीटर वर उचलली जाते, आणि तेवढ्यात तिच्या एका अंगाला दोऱ्याचा बारीक फासा सुटतो. शटलचं टोक नेमकं त्याच क्षणी फाशात शिरतं, त्याला रुंद करून बॉबिनभोवती फिरवतं, आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्याला वळसा घालून परत वर खेचला जातो. सुईचं भोक टोकाशी असल्यामुळे हे जमतं. हातशिलाईच्या सुईला आख्खं कापडापार जावं लागतं, मशीनच्या सुईला फक्त टोक खाली न्यायचं असतं. 1846 साली एलियास हाऊ यांना अमेरिकेत मिळालेलं पेटंट याच जोडीचं होतं: टोकाशी भोक असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारी शटल. घराघरांतल्या काळ्या पायमशीनपासून आजच्या विजेवरच्या मशीनपर्यंत टाक्याचं हे मूळ तंत्र बदललेलं नाही.

दोन दोऱ्यांची ही गाठ कापडाच्या जाडीत, मधोमध पडली पाहिजे. तशी पडली की टीप दोन्हीकडून सारखी दिसते. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसू लागले तर वरचा ताण जास्त झाला आहे. खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फासे लोंबत असतील तर वरचा ताण कमी आहे. नवशिकी बाई नेमकी इथे फसते. गुंता खाली दिसतो, म्हणून ती बॉबिन काढते, केस उघडते, स्क्रू फिरवते. दोष बहुतेक वेळा वर असतो. दोरा ओवताना मशीनचा पाय खाली टेकवलेला असला तर ताणाच्या दोन चकत्या एकमेकींना घट्ट मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही. पाय वर उचलून, पहिल्यापासून दोरा ओवून घेतला की निम्मी दुखणी तिथेच बरी होतात. ताण लावताना वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारावी. डोळ्यांना लगेच कळतं कोण कोणाला ओढतंय. बॉबिन केसची परीक्षा तर त्याहून सोपी: केस दोऱ्याच्या टोकाला लोंबती धरायची आणि हाताला हलका झटका द्यायचा. ती थोडीशी खाली सरकून थांबली तर ताण बरोबर आहे. सरसर खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट.

यंत्रांबद्दल गांधीजींची मतं सर्वांना ठाऊक आहेत, पण 1924 मध्ये जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून उचलून धरलं होतं. सिंगरने बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून ते घडवलं, त्यामागे प्रेम आहे, हे त्यांचं कारण. मला या यंत्राबद्दल आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. ते टाका घालतं, पण दिशा देत नाही. दिशा दोन तळहातांनाच द्यावी लागते, आणि त्या हातांची सवय टिपेत जशीच्या तशी उतरते. म्हणून वर्गात सुरुवातीला दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर मशीन चालवायला लावतात. कंटाळवाणं वाटतं खरं. पण पायाला लय सापडते, चाक उलटं फिरून दोरा तुटण्याची सवय लागत नाही, आणि मुख्य म्हणजे नजर कुठे ठेवायची ते कळतं. हलणाऱ्या सुईकडे पाहत बसलं की टीप वाकडी जाते. मशीनच्या पायाची कड आणि कापडाची कड यांच्यामधलं अंतर पाहत राहिलं की सरळ जाते. आणि कापड मागून ओढायचं नाही. ओढलं की सुई वाकते, खालच्या पट्टीवर आपटते, मोडते. पुढे नेण्याचं काम पायाखालच्या दात्यांचं आहे, त्यांना ते करू द्यावं.

दाते कसे चालतात हे ध्यानात असेल तर या ब्लाउजाची कटोरी समजते. दाते खालच्या कापडाला पुढे ढकलतात, वरचा पाय वरच्या कापडाला किंचित मागे अडवतो. दोन थर एकत्र शिवले की खालचा थर वरच्यापेक्षा थोडा जास्त खाल्ला जातो. शेवटी वरच्या थराचं टोक अर्धा सेंटिमीटर लांब उरतं आणि नवशिकी ते कात्रीने उडवते. बाईंनी तोच गुण कामाला लावला आहे. कटोरीची बाहेर फुगलेली कड आणि तिला जोडायच्या वरच्या भागाची आत वळलेली कड, यांत कटोरीची कड जरा लांब. ती त्यांनी दात्यांच्या बाजूला, खाली ठेवून शिवली. जास्तीची लांबी मशीननेच टाक्याटाक्यात वाटून घेतली. आतून पाहिलं तर कुठे चुणी नाही, बाहेरून पाहिलं तर गोलाई भरून आली आहे. जोडाच्या मध्यावर दोन्ही कडांना कात्रीची बारीक खूण आहे. ती खूण जुळवून दोन्ही बाजूंना शिवत गेलं की लांबी एकाच टोकाला साठत नाही.

आता खुद्द कापड. खणाचा पन्हा लहान, आणि तिरका कापायचा तर कापड जास्त लागतं. बरेच शिंपी कापड वाचवायला कटोरी उभ्या धाग्यातच कापतात. इथे ती तिरकी कापली आहे, म्हणजे उभा आणि आडवा धागा दोन्ही कोनात. तिरकं कापड थोडं ताणतं आणि अंगाच्या गोलाईवर बसतं, हे एक. दुसरं जास्त सुंदर: खणावरच्या बुट्ट्या पाठीवर आणि बाहीवर सरळ ओळीत उभ्या आहेत, कटोरीवर येताच त्या तिरक्या होतात, आणि डाव्या-उजव्या कटोरीच्या ओळी पुढच्या उघड्या मध्यरेषेकडे एकाच कोनात उतरतात. त्यासाठी दुसरी कटोरी पहिलीच्या आरशातल्या बिंबासारखी उलटी ठेवून कापावी लागली असणार, आणि थोडं कापड वाया गेलं असणार. ते जायलाच हवं होतं. खणाची शोभा बुट्टीच्या ओळीत असते. ती मोडली तर मग महागाचा खण घ्यायचा कशाला?

कटोरीखालचा टक्स मी सर्वांत जास्त वेळ पाहिला. टक्स म्हणजे कापडाची पाचर घडीत शिवून घ्यायची, म्हणजे सपाट कापडाला उठाव येतो. अवघड असतं ते टक्सचं टोक. तिथे टीप एकदम संपली की बाहेरून खळगा किंवा उभं टोक दिसतं, आणि मग कितीही इस्त्री केली तरी ते बसत नाही. या ब्लाउजात टीप रुंद बाजूने सुरू होते, टोकाकडे निमुळती होत जाते, आणि शेवटचे दोन-तीन टाके जवळजवळ घडीच्या कडेवरूनच, एखाददुसरा धागा पकडत, कापडाबाहेर निघून जातात. तिथे उलट टीप मारलेली नाही. दोन्ही दोरे थोडे लांब ठेवून हाताने गाठ दिली आहे. बाकी सगळीकडे बाई उलट टीप मारून टाका पक्का करतात, इथे मात्र नाही, कारण उलट टिपेने नेमक्या नाजूक जागी कापड जाड होतं. शिवाय टक्सचं टोक छातीच्या उंच बिंदूपर्यंत नेलेलं नाही, इंचभर अलीकडेच सोडलं आहे. उठाव टोकाच्या पुढे आपोआप येतो. सराव न झालेली बाई टक्स थेट बिंदूपर्यंत नेते आणि ब्लाउजाला अणकुची येते.

आतल्या अस्तराला टू बाय टू हे सुती कापड वापरलं आहे, खणाच्या जवळच्या रंगाचं. हे कापड बेतण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलेलं आहे, हे सांगावं लागत नाही. धुवून धुवून नमुना जुना झाला तरी अस्तर आणि खण एकमेकांना ओढत नाहीत. अस्तर न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यातच ते आटतं आणि वरचं कापड फुग्यासारखं सुटतं. सुती अस्तराच्या बाबतीत घाई करायला जागाच नाही. अस्तर आणि खण यांना आधी कडेने मोठ्या टाक्यांची कच्ची टीप घालून एकजीव केलं आहे, मग दोन्ही मिळून एकच कापड समजून पुढची शिलाई.

गळ्यापाशी बाईंचा हात ओळखू येतो. गोल गळ्याचा बराचसा भाग तिरक्या धाग्यावर येतो, त्यामुळे तो हाताळण्यातच ताणला जातो. कापून झाल्याबरोबर गळ्याच्या कडेला एक मोकळी टीप घालून ठेवली की आकार टिकतो. ती टीप इथे आहे, पट्टीच्या आत लपलेली, बोटाने चाचपली की लागते. गळ्याची पट्टी पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या कापडाची, आणि लावताना वळणावर ती जराशी ओढून लावलेली, म्हणजे गळा अंगाला धरून राहतो, सुटत नाही. पट्टी आत वळवण्याआधी वळणावर कात्रीने कट दिले आहेत, टिपेपासून एक-दोन धाग्यांवर थांबलेले. कट जरा लांब राहिले तर गळा आखडतो, जास्त जवळ गेले तर टीपच उसवते. आणि शेवटी माया पट्टीच्या बाजूला वळवून पट्टीवरच एक बारीक टीप मारली आहे. ती सुलट बाजूने दिसत नाही, पण तिच्यामुळेच पट्टी कधीही बाहेर डोकावत नाही. आपल्याकडच्या विकत मिळणाऱ्या तयार ब्लाउजांमध्ये ही एक टीप सापडणं कठीण.

बाहीबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती सगळ्यांना उलटी वाटते. हात मोकळेपणाने वर उचलता यावा म्हणून मुंढा मोठा, खोल कापायचा, असं नवशिकीला वाटतं. खोल मुंढ्यात हात उचलला की आख्खा ब्लाउज वर चढतो. मुंढा काखेच्या जवळ, उंच असला तरच बाही आपली आपण हलते आणि कंबरेची पट्टी जागेवर राहते. या ब्लाउजाचा मुंढा तसा उंच आहे. पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा जास्त खोदलेला आहे, आणि बाहीचा पुढचा भागही त्याच मानाने. त्यामुळे डावी बाही उजवीकडे लावण्याची चूक होऊच शकत नाही, फक्त बाहीच्या पुढच्या बाजूला खडूची खूण हवी. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा लांब ठेवला आहे, ती लांबी खांद्यापाशी मोठ्या टाक्यांनी आवरून घेतली आहे, चुणी न पाडता. खणाचा काठ बाहीच्या खालच्या कडेला आला आहे.

हे मोजमाप वर्गात कागदावरच शिकवतात. छातीच्या मापाचे भाग पाडायचे, चौथा भाग पुढच्या पाटीला, चौथा मागच्या, आणि त्यावर ढिलाई. तपकिरी कागदावर आखून, कापून, मग तो कागद कापडावर ठेवायचा. मुंबईत दादरच्या झारापकर टेलरिंग कॉलेजने आणि के. आर. झारापकर यांच्या 'झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग' या पुस्तकाने बेतण्याची पद्धत कितीतरी जणींच्या हातात दिली. गणित पक्कं असेल तर पहिला कागद जवळपास बसतोच. पण छाती सारखी आणि खांदे वेगळे, पाठ वेगळी, अशा दोन बायका शेजारी उभ्या केल्या की गणित थांबतं आणि डोळा सुरू होतो. म्हणून बाई नवीन मापाचा ब्लाउज आधी मांजरपाटावर किंवा जुन्या साडीवर शिवून बघायला लावतात. खणावर थेट कात्री चालवायची नाही.

माझ्या मते या ब्लाउजातलं सर्वांत मोठं शहाणपण काखेखालच्या शिवणीत आहे. तिथे एक टीप नाही, तीन आहेत, पाव-पाव इंचावर समांतर, आणि त्यांच्या बाहेर रुंद माया सोडलेली. नमुना दाखवण्यापुरता असूनही बाईंनी तो पूर्ण संसारी ब्लाउजासारखा शिवला आहे. अंग भरलं की सर्वांत आतली टीप उसवायची. पुढची टीप तयार असतेच. एका बाजूची शिवण पाव इंच बाहेर सरकली की पुढच्या-मागच्या पाटीला मिळून अर्धा इंच मिळतो, दोन्ही बाजूंना मिळून घेर एक इंचाने वाढतो. सर्वांत बाहेरच्या टिपेपर्यंत गेलं तर दोन इंच. लग्नातला ब्लाउज बाळंतपणानंतर, मग चाळिशीनंतर, कधी लेकीच्या अंगावर, असा वर्षानुवर्षं चालतो तो या तीन रेघांमुळे. तयार कपड्यांच्या कारखान्यात माया जितकी कमी तितकी बचत. आपल्या ब्लाउजात ती बाईचं पुढचं आयुष्य धरून ठेवलेली असते. आणि हे सोयीने व्हावं म्हणून शिवण्याचा क्रमही ठरलेला आहे: बाही आधी सपाट असतानाच मुंढ्याला जोडायची, काखेची शिवण सर्वांत शेवटी, बाहीच्या काठापासून कंबरेपर्यंत एका दमात. म्हणजे उसवायलाही एकच रेघ.

इस्त्रीची गोष्ट ब्लाउज हातात घेतल्याबरोबर कळते. प्रत्येक टीप मारल्यावर, पुढची टीप तिला छेदून जाण्याआधी, ती इस्त्रीने दाबलेली आहे. शिवून झाल्यावर शेवटी एकदा फिरवलेली इस्त्री आतल्या मायेपर्यंत पोचत नाही, ती नुसती वरची चुणी लपवते. वर्गात मशीनइतकीच इस्त्री तापलेली असली पाहिजे, आणि बऱ्याच वर्गांत ती नसते.

दोरा रंगाला जुळणारा, किंचित गडद. रिळावर दिसतो त्यापेक्षा टिपेतला दोरा नेहमी फिका वाटतो, म्हणून एक छटा गडद घ्यावा. सुईची निवडही टिपेकडे पाहून समजते: खण आणि अस्तर मिळून जाडी मध्यम, चौदा नंबरची सुई पुरेशी. रेशमी पैठणीला अकरा नंबर, आणि तीही नवीन. बोथट सुई रेशमात आडवा धागा ओढून लांब चरा पाडते, तो पुढे कधीच जात नाही. सात-आठ तास शिवलं की सुई बदलावी, मोडेपर्यंत थांबू नये. बसवताना सुईची चपटी बाजू शटलकडे आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा; टाके सुटण्याच्या तक्रारीत निम्म्या वेळा सुई उलटी बसलेली असते.

एका जागी मात्र मला या नमुन्याशी भांडावंसं वाटतं. पुढच्या पट्टीवर हूक वरपासून खालपर्यंत समान अंतरावर लावले आहेत. मापाने ते चोख आहेत, पण छातीच्या सर्वांत उंच रेषेवर एकही हूक येत नाही, दोन हुकांच्या मध्ये ती रेषा पडते. घातल्यावर तिथे पट्टी फट दाखवणार. हूक लावायला बसताना आधी त्या रेषेवर एक हूक पक्का करावा, दुसरा गळ्याशी, तिसरा कंबरेच्या पट्टीवर, आणि मग उरलेले मधल्या जागेत वाटावेत, अंतर थोडं कमीजास्त झालं तरी चालेल. हूक कडेपासून जरा आत हवा, त्याच्या दोन्ही कड्यांना काजाच्या टाक्याने गुंडाळून घ्यावं, आणि त्याच्या मानेवरून दोन टाके जास्तीचे घालावेत, नाहीतर तो उभा राहून साडीला अडकतो.

आणि कंबरेची पट्टी. ती आत दुमडून मशीनच्या टिपेनेच बसवली आहे, त्यामुळे खणाच्या सुलट बाजूला ती रेघ उमटली आहे. शिकवण्याच्या नमुन्यात घाईने केलं असेल. बाहीच्या आत अस्तर बसवताना बाईंनी हाताने जे हेम घातलं आहे ते पाहा, आणि पट्टीलाही तेच घाला: एकेरी दोरा, बारीक सुई, आणि प्रत्येक टाक्याला वरच्या कापडाचा फक्त एक धागा उचलायचा.